अक्का, तुमच्या नावाखाली लोक रक्त देतायत

भिंतीवर काचेत लावलेलं वर्तमानपत्राचं कात्रण बघून तुम्ही कधी सुईसाठी हात पुढे केलाय का? बाकावर बसल्या बसल्या ते वाचलंय का, आणि पेपरात आलंय म्हणजे इथलं काम चोख असणार, असं मनात येऊन बरं वाटलंय का? उत्तर मला देऊ नका. ज्यांना ते हवं होतं त्या बाई गेल्या महिन्यात गेल्या. यापुढचं मी त्यांच्याशीच बोलणार आहे. तुम्ही ऐकत बसा.

अक्का, आपल्या पेपरनं तुमच्यावर जे छापलं ते मी वाचलं. जन्म गडहिंग्लजचा, शिक्षण, नोकरी, पुरस्कार. फोटो तुमचा नावडता, हसू दाबून ठेवल्यासारखा. वर मथळा, 'अभ्यासू पत्रकार हरपली'. तुम्ही असतात तर लाल पेन उचललं असतं. "हरपायला ती काय छत्री हाय व्हय? मेली म्हणून लिव की." म्हणून तसंच लिहिते. तुम्ही मेलात, अक्का. इतकं साधं वाक्य लिहून मी खुर्चीवरून उठले आणि बराच वेळ परत बसले नाही.

त्या छापलेल्या मजकुरात कुरुंदवाड नव्हतं. मला कुरुंदवाडपासूनच सुरुवात करायची आहे.

रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅब हा धंदा आहे, हे आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा तुम्ही लिहिलंत. तोवर लॅबची बातमी आरोग्याच्या पानावर यायची, 'अत्याधुनिक यंत्र दाखल', फीत कापताना चार माणसं. तुम्ही ती ओढून व्यापार-उद्योगाच्या पानावर आणलीत, गुळाचे सौदे आणि फाउंड्रीच्या शेजारी. "सेवा सेवा म्हंत्यात सगळी. नफा कुठनं येतोय त्ये कुणी इचारत न्हाय." त्यातली एक लॅब कोल्हापुरातून सुरू होऊन जिल्हाभर पसरली होती. गावोगावी रक्त घ्यायची खोली, तपासणी कोल्हापुरात, रिपोर्ट मोबाइलवर. तिचं नाव मी इथे घेत नाही, का ते पुढे येईल. ही कंपनी शेअर बाजारात उतरणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तुम्ही म्हणालात, चल, एखादी खोली आतनं बघू. साखर तपासायची मला तशीबी हायच.

कुरुंदवाडच्या त्या खोलीत आपण नाव न सांगता बसलो. तुमच्या शेजारी दुधाची किटली पायाशी धरून एक बाई बसल्या होत्या. तुम्हाला गप्प बघून त्यांना वाटलं घाबरलात.

"पावणं, पयल्यांदा आलाय व्हय? काय भ्यायचं न्हाय. हितलं काम लई भारी. आमच्या मामंजींच्या किडनीच्या गोळ्या हितल्याच रिपोर्टावर चालू हुत्यात आन् हितल्याच रिपोर्टावर बंद. त्ये बगा की, पेपरातबी आलंय."

त्यांनी बोट केलं तिकडे आपण दोघींनी बघितलं. काचेत एक जुनं कात्रण होतं, उन्हानं पिवळं पडलेलं. मथळा, लॅबच्या मालकांचा फोटो, आणि मथळ्याखाली तुमचं नाव. मी गमतीनं तुम्हाला कोपरानं ढोसलं. तुम्ही हसला नाहीत. उठलात, काचेपाशी गेलात, आणि स्वतःचीच बातमी एखाद्या परक्या माणसाची वाचावी तशी पूर्ण वाचलीत. मग काउंटरवरच्या पोरीला विचारलंत, "रिपोर्टावर सही करणारे डॉक्टर कुठं बसत्यात गं?"

ती म्हणाली, "सही कम्प्युटरमधीच हाय की."

"आन् डॉक्टर?"

"डॉक्टर कशाला लागत्यात मावशी? मशीन करतंय सगळं."

बाहेर आल्यावर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलात. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं तुम्ही कायम 'मी आलो, मी गेलो' म्हणायचात आणि पुण्याहून आलेली पोरं हसायची. त्या दिवशी म्हणालात, "मी बसवलो गं तिला तितं. ती मशीनला बघून न्हाय आलेली. मला वाचून आलीया."

एवढ्यावर बातमी सुरू झाली. आणि आपलं भांडणही.

तुमची जुनी बातमी खोटी नव्हती, हे मी आज पुन्हा सांगते, कारण तुम्ही ते स्वतःला सांगायला तयार नव्हता. मालक शाहूवाडीकडचे. डोंगरातल्या माणसाला साध्या साखरेच्या तपासणीसाठी दिवसभराची मजुरी बुडवून शहरात यावं लागायचं. त्यांनी बर्फाच्या डब्यात नमुने घालून एसटीनं पाठवायची सोय केली. तेव्हा मुख्य लॅबमध्ये एक डॉक्टर खरोखर बसायचे, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघायचे, आणि शंका आली की परत रक्त मागवायचे. तुम्ही हे डोळ्यांनी बघून लिहिलंत, आणि छान लिहिलंत. मग बाहेरचे पैसे आले. खोल्या वाढल्या, गाड्या वाढल्या, रंगीत पाट्या वाढल्या. डॉक्टर एकच राहिले. पुढे तेही म्हातारपणी परगावी मुलीकडे राहायला गेले, आणि मागे त्यांची सही राहिली.

तुम्ही त्यांना फोन केलात तेव्हा मी समोर बसले होते. तुम्ही विचारलंत, तुमची सही गडहिंग्लजच्या, कुरुंदवाडच्या आणि शाहूवाडीच्या रिपोर्टावर एकाच सकाळी हाय, आपण कुठं होता? पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मी आता तिकडे जात नाही हो. सही वापरतात का? वापरत असतील." रागही नाही, भीतीही नाही. शेजाऱ्यानं आपली शिडी नेली असावी, तसे बोलले. फोन ठेवून तुम्ही मला म्हणालात, "लॅब वाढली, डॉक्टर वाढलं न्हाईत. बातमी एवढीच हाय. बाकी सगळी आकडेमोड." शेअर विकायला काढलेल्या कंपनीबद्दल इतकं मोजक्या शब्दांत मी कुठल्याच अर्थतज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही.

मी मात्र तेवढ्यावर थांबणारी नव्हते. माझ्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा विहाराच्या मागच्या खोलीत बसून ती लिहायचे, आम्ही भावंडं घड्या घालायचो, आणि मी वाचायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. तुमच्या टेबलापाशी आले तेव्हा माझ्या पहिल्याच बातमीत, गुळाच्या सौद्याच्या बातमीत, सहा ठिकाणी उद्गारचिन्हं होती. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "काय गं, सभा हाय व्हय ही? माईक कुठं हाय?" सगळी चिन्हं खोडलीत आणि एक ठेवलंत. म्हणालात, "हे असू दे. हितं खरंच वरडायला पायजे." त्या एका चिन्हासाठी मी तुमच्याकडे टिकले.

आणि तुमची ती सवय. जिच्यावरून मी तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडले. बातमी पानावर जायच्या आधी तुम्ही फोन उचलायचात, उभ्या राहायचात, आणि ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला अख्खी वाचून दाखवायचात. नुसती प्रतिक्रिया मागणं वेगळं, तसं सगळेच करतात. तुम्ही पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायचात. ऑफिसात कुणीतरी हात जोडून म्हणायचं, "उठा रे, अक्कांची आरती सुरू झाली." एका फाउंड्रीवाल्यानं तुम्हाला ऐकू नयेत अशा शिव्या घातल्या. तुम्ही फोन कानापासून थोडा लांब धरलात, शेवटपर्यंत थांबलात, आणि म्हणालात, "शिव्या झाल्या का मालक? आता चूक कुठं हाय त्ये सांगा." त्यानं एक चूक सांगितली. खरी होती. तुम्ही दुरुस्त केलीत आणि उरलेली बातमी तशीच्या तशी लावलीत.

मी म्हणायचे, तुम्ही त्यांना सावध करता, अक्का. त्यांना वकील गाठायला वेळ मिळतो.

"गाठू दे की. वकिलालाबी वाचून दाखवतो मी."

"आणि जे लोक मार खातात त्यांना कोण वाचून दाखवतं?"

"त्यासाठीच छापतोय न्हवं? पर तोंडावर म्हणाय येत न्हाय त्ये पाठीमागं छापायचं न्हाय. तुझ्या बाबांची पत्रकं चांगली असत्यात, पर त्यात समोरचा माणूस कदी बोलतच न्हाय."

मला ते लागलं. आमच्या वस्तीचं पाणी तोडलं गेलं तेव्हा समोरचा माणूस आमच्याशी तरी कुठं बोलला होता? पत्रकं त्यामुळंच निघाली. हे मी तुम्हाला तेव्हाच सुनावलं, आणि तुम्ही "व्हय, त्येबी खरं" म्हणून चहा मागवलात. भांडण मिटलं नाही. तुम्ही भांडण मिटवत नव्हताच कधी, त्याला चहा पाजून उद्यावर ठेवायचात.

लॅबच्या बातमीत ते भांडण टोकाला गेलं. मला दुसऱ्याच दिवशी प्रत्येक केंद्राबाहेर उभं राहून पत्रक वाटायचं होतं. शाहूवाडीची खोली बघून परतताना तिथल्या बसस्टँडवर वडापाव खाता खाता तुम्ही मान हलवलीत. "पत्रक लोक चुरगाळून टाकत्यात. कात्रण भिंतीला लावत्यात. माझं चुकलंय त्ये भिंतीला हाय, पत्रकात न्हाय. जितं लिवलं तितंच दुरुस्त करायचं. त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात, माझ्या नावानं." शिवाय तुम्हाला दुसरीही काळजी होती. खोली बंद पडली तर डोंगरातली बाई तपासणीला जाणार कुठं? तुम्हाला खोली हवी होती, तिथं डॉक्टरची नजरही हवी होती. मी चिडून बोलले, "तुम्हाला त्या माणसाला वाचवायचंय, अक्का. कारण तो तुमचा शोध आहे."

तुम्ही वडापावचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवलात. म्हणालात, "असंल की. म्हणूनच ही बातमी मी लिवणार. तू न्हाईस."

माझं ते वाक्य मी मागे घेत नाही. त्यात थोडं खरं होतं, आणि खरं ऐकून तुम्ही कधी रुसला नाहीत. बसमध्ये खिडकीशी तुम्ही डोळे मिटून बसलात आणि मी शेजारी बसून पुढचा मुद्दा जुळवत राहिले. तो मुद्दा तसाच राहून गेला.

बातमी लिहून झाली. संपादकांनी ती वाचली, चांगली आहे म्हणाले, आणि ठेवून दिली. त्या लॅबच्या जाहिराती आपल्या पेपरला येतात, हे कुणी बोललं नाही आणि बोलायची गरजही नव्हती. सण होऊ दे म्हणाले. मग पुराव्याचा अजून एक कागद मिळवा म्हणाले. तुम्ही कागद मिळवलात. शेवटी पान ठरलं. तुम्ही मला म्हणालात, उद्या मालकाला वाचून दाखवतो आन् परवा लावतो. त्या उद्याच्या सकाळी तुमच्या भावाचा फोन आला, की तुम्ही झोपेतून उठलाच नाहीत.

मालक तुमच्या घरी आले होते, अक्का. मोठा हार घेऊन. तुमच्या पायावर डोकं ठेवलं आणि खरंच रडले. मला ते ढोंग वाटावं अशी माझी फार इच्छा होती. तसं नव्हतं ते. शोकसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "अक्कांनी मला मोठं केलं. कोण मी, डोंगरातला पोरगा." मग त्यांनी जाहीर केलं की आपल्या प्रत्येक केंद्रात, त्या कात्रणाशेजारी, अक्कांचा फोटो लावणार. श्रद्धांजली म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! हे चिन्ह तुम्ही खोडू नका.

इतके दिवस त्या भिंतीवर तुमचं नाव होतं. आता चेहरा येणार होता, हारासकट. आणि मेलेल्या माणसाचा शब्द बदलत नाही. तुम्ही जिवंत असताना ते कात्रण जुनी बातमी होतं. तुमच्या फोटोशेजारी ते कायमचं प्रमाणपत्र होणार.

मी संपादकांकडे गेले. ते म्हणाले, दिवंगत व्यक्तीच्या नावानं असे आरोप छापता येत नाहीत, कायदेशीर अडचण आहे. तिच्या नावानं कौतुक छापलेलं चालतं आणि लावलेलंही चालतं, यात अडचण नाही का, असं मी विचारलं. त्यांनी पुढचं पान तपासायला घेतलं. मी राजीनामा लिहिला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, राजीनामा नंतर दे, आधी फोन कर.

म्हणून केला. तुमची बातमी हातात घेऊन उभी राहिले आणि मालकांना पहिल्या शब्दापासून वाचून दाखवली. पत्रकं वाटणारी मी, असं कधी करीन असं मला वाटलं नव्हतं. मधेच थांबून मी विचारलं, ऐकताय ना?

"ऐकतोय. अक्का असं लिवणार न्हाईत."

"त्यांनीच लिहिलंय. ज्या दिवशी गेल्या त्याच दिवशी तुम्हाला फोन करणार होत्या."

मग त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. कुरुंदवाडची खोली त्यांनी दुसऱ्याला चालवायला दिली आहे, ती त्यांची स्वतःची नाही. मी तपासलं, खरं होतं, दुरुस्त केलं. पुढे ते म्हणाले, "आडगावात यायला डॉक्टर तयार न्हाईत. किती जणांच्या पाया पडलो मी. त्येबी लिवा." तेही लिहिलं. "सगळेच असं करत्यात" हेही त्यांनी म्हटलं, तेही त्यांच्या नावानं घातलं. फोटो लावू नका, अशी विनंती मी केली. ते म्हणाले, "फोटो घरच्यांनी दिलाय, पोरी. आता तो माझ्या मनात हाय तितं लावणार मी." मी त्यांच्याशी भांडले नाही. तुमच्यावर प्रेम करायचा हक्क फक्त मला आहे असं थोडंच आहे. पण त्या प्रेमानं उद्या कुणाच्या तरी सासऱ्यांच्या गोळ्या बंद होणार आहेत, आणि ते मला गप्प बसून बघता येणार नाही.

आपल्या पेपरनं नाकारलेली तुमची बातमी या मासिकात, पुढच्याच पानावर आहे. लॅबचं नाव तिथे आहे, जिथे मालकांचं म्हणणंही आहे. इथे नाही, कारण हा मजकूर मी त्यांना वाचून दाखवलेला नाही. हा तुमचा-माझा आहे. बातमीवर नाव तुमचंच ठेवलंय, खाली बारीक अक्षरात, 'वाचून दाखवली' म्हणून माझं. हे मासिक किती लोक वाचतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एका शहाण्या माणसानं मला सांगितलं की यापेक्षा पत्रक काढलं असतंस तर जास्त हातांत गेलं असतं. कदाचित. कोण बरोबर होतं ते मला अजून कळलेलं नाही, अक्का. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, दोन्ही काढा.

हो, एक सांगायचं राहिलं. तुमचं पान बाबा रोज वाचायचे. गुळाशी, फाउंड्रीशी त्यांचा काडीचा संबंध नाही, तरी चहाबरोबर आधी तेच उघडायचे. एकदा म्हणाले, "ही बाई वरडत न्हाय, पर ऐकू येतंय." मी मुद्दामच तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, भांडण जिंकल्यावर सांगू. आता तुम्ही जिंकूनही गेलात आणि न ऐकताही गेलात.

आता वाचकहो, तुमच्याकडे वळते. तुमच्यापैकी कुणी अशाच एखाद्या भिंतीवरचं वाचून, विश्वासानं रक्त दिलं असेल, आणि आलेल्या रिपोर्टवर कुठलीही गोळी सुरू किंवा बंद केली असेल, तर एक करा. रिपोर्ट घ्या, त्यावर ज्यांची सही आहे त्या डॉक्टरांना समोरासमोर भेटायला मागा. भेटवलं तर उत्तम, त्यांना तुमच्या शंका विचारा. टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका, आणि मनानं गोळ्याही बदलू नका. डॉक्टर स्वतः बसतात अशी दुसरी लॅब शोधा आणि उद्या सकाळी, उपाशीपोटी, तिथं जाऊन पुन्हा रक्त द्या.